विस्तवाचे भांडे : सर फ्रँक व्हिटल

रॉकेलचा पितळी स्टोव्ह आपल्या स्वयंपाकघरांतून गेला त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. पण ज्यांनी तो वापरला आहे त्यांना त्याची एक खोड चांगली आठवत असेल. काकडा पुरता जळू न देता घाईने हवा भरली, की बर्नर तापलेला नसे, आणि वाफेऐवजी कच्चे रॉकेल वर येऊन वाटीत साचे. मग एकदम भडका उडे. चावी सोडून हवा काढून टाकली तरी ज्वाळा लगेच खाली बसत नसे. साचलेले सारे जळून संपेपर्यंत ती कोणाचे ऐकत नसे. घरातल्या बायका पदर सावरून चार पावले मागे सरत आणि वाट पाहत.

१२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडातील रग्बी या गावी, ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीच्या कारखान्यात, जवळजवळ हाच प्रकार घडला. फक्त तिथला स्टोव्ह मिनिटाला हजारो फेरे घेणारा होता. हवा दाबून भरणारे एक चाक, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळणारी एक कोठी आणि बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने फिरणारे दुसरे चाक, असे ते यंत्र होते. विजेच्या मोटरीने त्याला दोन हजार फेऱ्यांपर्यंत आणले, आतली ज्योत पेटल्याची खूण दिसली, आणि हवाई दलातील एका एकोणतीस वर्षांच्या अधिकाऱ्याने मुख्य इंधनाची चावी उघडली. क्षण दोन क्षण सारे ठीक चालले. मग धोक्याच्या भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज काढीत यंत्र आपल्या आपण धावू लागले. चावी बंद केली तरी वेग वाढतच होता. ज्वलनाच्या कोठीच्या बाहेरच्या पत्र्यावर तांबडेलाल डाग उमटले. भोवतालचे लोक जीव घेऊन पळाले. तो अधिकारी तेवढा जागचा हलला नाही. पण त्यात शौर्य काही नव्हते, भीतीने पाय खिळले होते, असे त्यानेच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. काही वेळाने यंत्र आपोआप शांत झाले. इंधन गळून आत डबक्यांसारखे साचले होते. ते संपले तेव्हा धावही संपली.

हा अधिकारी म्हणजे फ्रँक व्हिटल. जेट इंजिनाचा जनक म्हणून त्याचे नाव आज शाळेतल्या पुस्तकांतही असते. १९८५ साली आपल्या महाराजपुऱ्याच्या तळावर मिराज विमाने आली, आणि तेव्हापासून लष्करच्या गच्च्यांवर उभे राहून आकाशाकडे पाहणाऱ्या पोरांना या इंजिनाचा आवाज घरच्यासारखा झाला आहे. परंतु व्हिटलची गोष्ट सांगताना बहुतेक जण त्याला सुचलेल्या कल्पनेवर थांबतात. कल्पना त्याला बाविसाव्या वर्षी सुचली. पुढची बारा वर्षे गेली ती त्या पत्र्यावरच्या तांबड्या डागांपायी, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आग कोणालाही लावता येते; तिला ठेवायला भांडे कसले आणायचे, हा खरा प्रश्न होता.

फ्रँकचा जन्म १ जून १९०७ रोजी कॉव्हेंट्री शहरात झाला. वडील मोझेस व्हिटल हे हाताचे कसबी यंत्रकारागीर. १९१६ मध्ये त्यांनी जवळच्या लेमिंग्टन स्पा या गावी एक लहानसा कारखाना विकत घेतला. मोटारींच्या इंजिनांना लागणारे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या कड्या तिथे होत. दोन-चार लेथ आणि ती फिरविणारे एक गॅसवर चालणारे इंजिन, एवढाच संसार. मुलगा वडिलांच्या हाताखाली काम करी आणि शाळेत शिष्यवृत्तीवर शिके. पुढे धंदा बसला. फ्रँकचा बराच वेळ मग गावच्या वाचनालयात जाऊ लागला. गृहपाठात त्याचे फारसे लक्ष नसे, पण वाफेची टर्बाइन्स, विमाने, खगोलशास्त्र असे जे हाती लागेल ते तो वाचून काढी. पंधरा वर्षांच्या मुलाने टर्बाइनवरचे पुस्तक कादंबरीसारखे वाचावे हे नवल खरे. पण वाचनालये असतात ती अशाच एखाद्या मुलासाठी.

१९२३ च्या जानेवारीत हवाई दलातील शिकाऊ कारागिरांच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला आणि हॅल्टनच्या छावणीत दाखल झाला. दोनच दिवसांत वैद्यकीय तपासणीत त्याला परत पाठविण्यात आले. उंची जेमतेम पाच फूट, छाती अरुंद. तिथल्या एका व्यायामशिक्षकाने त्याला कसरतींचा आणि आहाराचा तक्ता लिहून दिला. सहा महिने पोराने तो निष्ठेने पाळला आणि उंचीत व छातीत तीन-तीन इंचांची भर घातली. तरी पुन्हा नकार. एकदा नाकारलेल्यास दुसरी संधी नाही, असा नियम दाखविण्यात आला. मग त्याने नवाच उमेदवार असल्यासारखा पुन्हा अर्ज केला, तोही नाव बदलून, असे सांगतात. आणि या खेपेस तो क्रॅनवेल येथे शिकाऊ कारागीर म्हणून घेतला गेला. तीन वर्षे त्याने तिथे पत्रे ठोकले, रिव्हेटा मारल्या, आणि फावल्या वेळी विमानांच्या प्रतिकृती केल्या. पत्र्याशी झालेली ही हातघाईची ओळख त्याला पुढे किती उपयोगी पडली हे पुढे येईलच.

१९२६ मध्ये वरिष्ठांच्या शिफारशीवरून त्याला क्रॅनवेलच्याच अधिकाऱ्यांच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. कारागिराच्या पोराने अधिकारी व्हावे ही त्या काळच्या इंग्लंडात सहज घडणारी गोष्ट नव्हती. तिथल्या रीतीप्रमाणे शेवटी एक प्रबंध लिहावा लागे. १९२८ च्या त्याच्या प्रबंधाचा विषय होता विमानरचनेचे भवितव्य. फार उंचावर, जिथे हवा विरळ असते तिथे, ताशी पाचशे मैलांच्या वेगाने विमान जाऊ शकेल असे त्यात त्याने गणिताने मांडले. तेव्हा हवाई दलाची लढाऊ विमाने ताशी दोनशे मैलही गाठत नव्हती. पण पंखा फिरविणारे पिस्टनचे इंजिन त्या उंचीवर धापा टाकणार, हेही त्याला दिसत होते. १९२९ मध्ये विटरिंग येथे वैमानिकांचा शिक्षक होण्याचे शिक्षण घेत असताना उत्तर सुचले. पिस्टन नको, पंखाही नको. टर्बाइनने फक्त हवा दाबणारे चाक फिरवायचे आणि उरलेला तप्त वायू मागे सोडून द्यायचा. त्या झोताची प्रतिक्रियाच विमानाला पुढे रेटील.

कल्पना घेऊन व्हिटल हवाई मंत्रालयात गेले. त्या खात्यातील डॉ. ग्रिफिथ हे टर्बाइनचे मोठे जाणकार. त्यांनी गणितातली एक चूक दाखविली. मंत्रालयाचा अभिप्राय असा आला, की इतक्या उष्णतेत इतका ताण सोसणारी धातूच उपलब्ध नसल्याने हे यंत्र व्यवहारात येणारे नाही. या अभिप्रायाला नावे ठेवण्याची पुढे चालच पडून गेली. मला मात्र वाटते की तो अगदी निराधार नव्हता. १९२९ मध्ये तशी धातू खरोखरच नव्हती. चूक एवढीच, की आज नाही ते उद्याही नसेल असे गृहीत धरले गेले.

एका सहकारी अधिकाऱ्याच्या मदतीने १६ जानेवारी १९३० रोजी व्हिटल यांनी पेटंटसाठी अर्ज केला. मंत्रालयाला ते गुप्त ठेवण्याजोगेही वाटले नाही, त्यामुळे ते छापून जगात कोणालाही वाचता येईल असे झाले. त्याच वर्षी व्हिटल यांचे लग्न झाले. दोन मुले झाली, पगार बेताचा होता. जानेवारी १९३५ मध्ये पेटंट पुढे चालू ठेवण्यासाठी पाच पौंड भरायचे होते. सरकार भरीना, आणि घरखर्चातून पाच पौंड काढणे व्हिटल यांना परवडेना. पेटंट गेले. दरबारच्या आश्रयावर ज्यांची घरे चालली त्यांना या गोष्टीचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. आश्रय देणारा हात पुष्कळदा कृपण नसतो, त्याचे लक्ष दुसरीकडे असते, एवढेच. आणि तेवढ्याने चुलीवरचे आधण थंड होते.

व्हिटल यांना हवाई दलानेच १९३४ मध्ये केंब्रिजला शिकायला पाठविले होते. तिथे असताना दोन जुने मित्र, डडली-विल्यम्स आणि टिनलिंग, भांडवल मिळवून देण्याचा विचार घेऊन आले. मार्च १९३६ मध्ये पॉवर जेट्स या नावाची एक चिमुकली कंपनी निघाली. सरकारने आपल्या अधिकाऱ्याला तिच्यासाठी आठवड्यास सहा तासांपेक्षा जास्त काम न करण्याच्या अटीवर परवानगी दिली. त्याच वर्षी व्हिटल पहिल्या वर्गात पदवीधर झाले.

आता प्रश्न होता तो ज्वलनकोठीचा. व्हिटल औद्योगिक प्रदर्शनात भट्ट्या आणि बर्नर करणाऱ्या कंपन्यांच्या एकेका दुकानापुढे उभे राहून आपली गरज सांगत हिंडले. एवढ्याशा जागेत एवढे इंधन, तेही वाऱ्याच्या लोटात, जाळायचे आहे हे ऐकून बहुतेकांनी त्यांची गणना विक्षिप्तांत केली. कारण कोणत्याही भट्टीत तोवर साधलेल्या ज्वलनाच्या कित्येक पट तीव्र ज्वलन त्यांना हवे होते. एडिंबरोची लेडलॉ ड्रू ही एकच कंपनी प्रयत्न करून पाहण्यास तयार झाली.

अडचण नीट ध्यानात यावी म्हणून थोडे विषयांतर करतो. देवापुढची समई वाऱ्याच्या झुळुकीने विझते. हवा दाबणाऱ्या चाकातून सुटलेला वारा सेकंदाला काहीशे फुटांच्या वेगाने येतो, आणि रॉकेलची ज्योत स्वतः सेकंदाला फार तर थोडेसे फूट पुढे सरकू शकते. म्हणजे ज्योत टिकवायची तर त्या वादळात तिच्यासाठी एक आडोसा करावा लागतो, जिथे हवा गरगर फिरून मागे वळेल आणि नव्या थेंबांना जुन्या आगीने पेटवील. हे साधले तरी अर्धेच काम झाले. त्या आडोशात वायूचे तापमान दोन हजार अंश सेंटिग्रेडच्या घरात जाते. पोलाद त्याच्या पुष्कळ आधी वितळते, आणि वितळण्याच्याही आधी मऊ पडते. तेव्हा प्रत्येक भांड्याचे दैव ठरलेले: ते वाकणार, तडकणार किंवा जळून भोक पडणार. आणि भांड्याचा एक तुकडा सुटून मागच्या टर्बाइनच्या पात्यांत गेला की सारे यंत्रच गेले.

यातून सुटका कशी, तर हवेनेच. इंजिनात येणारी सगळी हवा जाळण्यासाठी लागत नाही. सुमारे पाचवा हिस्सा ज्योतीच्या मुळाशी सोडला की पुरतो. बाकीची हवा दोन पत्र्यांमधल्या पोकळीतून, आतल्या नळीच्या पाठीवरून, वाहत नेतात. तिचा काही भाग बारीक भोकांतून आत शिरतो आणि पत्र्याला चिकटून एका पातळ थरासारखा पसरतो. आग आणि पत्रा यांच्या मध्ये हा हवेचा पडदा. राहिलेली हवा पुढे मोठ्या भोकांतून मध्यभागी घुसते आणि वायूला टर्बाइनच्या पात्यांना सोसवेल इतका निववते. म्हणजे जी हवा आगीला पोसते तिनेच भांडे राखायचे, आणि दोन्हींची वाटणी भोकांच्या आकारावर आणि जागेवर ठरायची. एखादे भोक चार रेषा इकडेतिकडे झाले की एका बाजूला ज्योत विझावी आणि दुसऱ्या बाजूला पत्रा लाल व्हावा, असा हा नाजूक हिशेब.

हा हिशेब मांडण्याचे गणित तेव्हा कोणापाशी नव्हते. होती ती कात्री, हातोडी आणि डोळे. १९३८ मध्ये कंपनी लटरवर्थ गावी एका बंद पडलेल्या ओतशाळेत गेली. दुसरे यंत्र त्याच वर्षी पाती तुटून निकामी झाले. पैशाची इतकी चणचण, की मोडलेल्या यंत्राचेच भाग पुन्हा वापरावे लागत. तिसऱ्या यंत्रात व्हिटल यांनी एका मोठ्या कोठीऐवजी भोवती दहा लहान कोठ्या बसविल्या. लहान कोठी एकटी बाहेर काढून, तिच्यावर स्वतंत्र प्रयोग करता येत. इंधनासाठी त्यांनी स्टोव्हचीच युक्ती धरली होती: रॉकेल नळ्यांतून ज्योतीतच फिरवून त्याची वाफ करायची आणि मग तोटीतून सोडायची. स्टोव्हला पिन का मारावी लागे हे आठवा. तीच काजळी इथेही नळ्यांत धरे. नळी तुंबली की वाफ कमी, वाफ कमी की नळी जास्त तापे, वाकडी होई, फुटे. एकामागून एक नमुने करून पाहिले, एकामागून एक जळाले. पहाटे काढलेला नकाशा सायंकाळी पत्र्यात उतरे आणि रात्री तो जळून गेलेला असे.

इकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन या तरुण शास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला होता. त्याने पहिल्या यंत्रात रॉकेलच्या फंदात न पडता हायड्रोजन वायू जाळला. हायड्रोजन चटकन आणि स्वच्छ पेटतो, त्यामुळे यंत्र चालते एवढे तरी त्याला आपल्या धन्याला, विमान कारखानदार हाइंकेल याला, दाखविता आले. द्रव इंधनाची लढाई त्याने मागाहून घेतली. धन्याचा पैसा, कारखाना आणि उत्साह पाठीशी असल्यावर जे होते ते झाले: २७ ऑगस्ट १९३९ रोजी जगातले पहिले जेट विमान जर्मनीत उडाले. त्याआधी दोनच महिने, ३० जून १९३९ रोजी, हवाई मंत्रालयाचे डॉ. पाय लटरवर्थला आले होते आणि यंत्र वीस मिनिटे सलग चाललेले पाहून त्यांची खात्री पटली होती. इतक्या वर्षांनी सरकारचे लक्ष वळले. विमानासाठी इंजिनाची आणि ग्लॉस्टर कंपनीकडे विमानाची मागणी नोंदविली गेली.

ज्वलनाची गाठ सुटली ती १९४० मध्ये. शेल तेल कंपनीच्या लंडनमधील प्रयोगशाळेत आयझॅक लबक नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी वाफेचा नाद सोडून रॉकेलचा दाबाने तुषार उडविणारी तोटी आणि तिच्याभोवती बेतलेली कोठी तयार केली. तुषार इतका बारीक, की थेंब ज्योतीत शिरताच त्याची वाफ व्हावी. ज्योतीत लोंबणाऱ्या नळ्याच नाहीत म्हटल्यावर काजळीने तुंबायचे काही राहिलेच नाही. व्हिटल यांनी अनेक महिन्यांचे आपले सारे काम बाजूला ठेवून ही दुसऱ्याची कोठी स्वीकारली. मोठ्या संशोधकांना हे सहज जमत नाही.

भांड्यासाठी धातूही त्याच सुमारास मिळाली. विजेच्या शेगडीची तार लाल होऊनही वितळत नाही किंवा गंजून झडत नाही, हे आपण रोज पाहतो. ती तार निकेल आणि क्रोमियम यांची असते, साधारण चार भाग निकेल आणि एक भाग क्रोमियम. याच मिश्रणात किंचित टायटॅनियम घालून मॉन्ड निकेल कंपनीने निमॉनिक या नावाची धातू तयार केली. तिचा पत्रा कोठ्यांच्या आतल्या नळीला लागू पडला, आणि तिचाच पुढचा प्रकार टर्बाइनच्या पात्यांना. मंत्रालयाने १९२९ मध्ये जी धातू नाही म्हणून सांगितले होते, ती शेवटी विजेच्या शेगडीतून आली.

१५ मे १९४१. ठिकाण पुन्हा क्रॅनवेल. दिवसभर हवा वाईट होती. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास ढग वर सरले आणि गेरी सेयर या वैमानिकाने ते लहानसे विमान धावपट्टीवर आणले. पुढे पंखा नसलेले विमान पाहण्याची डोळ्यांना सवय नव्हती. इंजिनाचा रेटा ८६० पौंड. सतरा मिनिटे ते आकाशात राहिले आणि सुखरूप उतरले. दहा कोठ्यांपैकी एकीचाही पत्रा फाटला असता तर काय झाले असते, हे जमिनीवरून पाहणाऱ्यांपैकी व्हिटल यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पाचच महिन्यांनी एक इंजिन अमेरिकेला धाडले गेले, आणि तिथल्या जेट इंजिनांचा वंश त्यापासून सुरू झाला.

इथे गोष्ट सुखान्त व्हायला हरकत नव्हती. पण मागणी वाढली तशी मालकी वाटली गेली. इंजिने बनविण्याचे काम सरकारने मोटारी करणाऱ्या रोव्हर कंपनीकडे सोपविले. तिने आपल्या मताने रचनेत फेरफार आरंभले आणि व्हिटल यांच्याशी तिचे जमेना. व्हिटल यांच्या कोठीत हवा उलटी वळून मागे येई; रोव्हरकडे तिला सरळ नेणारा आराखडा व्हिटल यांना न कळविता तयार झाला. तो आराखडा चांगला होता, हेही सांगितले पाहिजे. पुढची इंजिने त्याच वळणाने गेली. १९४३ च्या आरंभी रोल्स-रॉइसने रोव्हरकडून ते काम आपल्याकडे घेतले आणि घोडे पुढे सरकले. कोठ्यांचे काम मोटारींची विजेची उपकरणे करणाऱ्या लूकस कंपनीकडे गेले, तेही पातळ पत्र्याच्या कामात तिचा हात बसलेला म्हणून. जुलै १९४४ मध्ये मीटिअर ही जेट विमाने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाली.

या सर्व काळात व्हिटल स्वतः कसे होते? वाईट होते. सिगारेटी अखंड चालत. दिवसा जागे राहण्यासाठी गोळ्या आणि रात्री झोपण्यासाठी गोळ्या. अंगावर पुरळ, डोकेदुखी, वजन घटलेले. डिसेंबर १९४१ मध्ये मज्जातंतूंचा आजार होऊन त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. १९४४ मध्ये पुन्हा, या खेपेस सहा महिने. कंपन्यांच्या भांडणाला कंटाळून त्यांनीच मध्यंतरी सुचविले होते, की हा सगळाच धंदा सरकारने ताब्यात घ्यावा. सरकारने एप्रिल १९४४ मध्ये फक्त पॉवर जेट्स ताब्यात घेतली, १,३५,५०० पौंड देऊन; बाकीच्या बड्या कंपन्या होत्या तिथेच राहिल्या. व्हिटल यांनी आपले ४७,००० पौंडांचे समजले जाणारे भाग अधिकाऱ्याने नफा घेऊ नये या भावनेने सरकारला देऊन टाकले होते. त्यांना १०,००० मिळाले. पुढे कंपनीला इंजिने करण्यास मनाई होऊन केवळ संशोधन उरले, तेव्हा जानेवारी १९४६ मध्ये व्हिटल बाहेर पडले. त्यांचे बरेच सहकारीही त्यांच्या मागोमाग गेले. १९४८ मध्ये हवाई दलातून निवृत्त होताना त्यांना एक लाख पौंडांचे पारितोषिक आणि सर ही पदवी मिळाली. वय एकेचाळीस. त्यानंतर त्यांनी विमान कंपनीला सल्ला दिला, आत्मचरित्र लिहिले, तेलविहिरी खणण्यासाठी टर्बाइनवर चालणारे छिद्रक शोधून काढले. पण जेट इंजिन पुन्हा घडविले नाही. माझ्या मते इंग्लंडने या माणसाला पैसा कमी दिला हे दुःख लहान आहे. चाळिशीतल्या हाताला काम दिले नाही, हे मोठे.

त्यांच्या हयातीतच त्या पत्र्याच्या नळीचे रूप पालटत गेले. कोठी एकसंध न ठेवता कडी एकात एक अडकवून केली जाऊ लागली आणि सांध्यात नागमोडी पट्टी बसवून तिच्या फटींतून हवेचा थर आत सोडला जाऊ लागला. मग सुट्या कोठ्या जाऊन इंजिनाभोवती एकच वाटोळी पोकळी आली. अलीकडच्या कित्येक मोठ्या इंजिनांत या पोकळीची भिंत मंगलोरी कौलांच्या छपरासारखी असते. बाहेर एक थंड राहणारे कवच. त्याच्या आतून लहान लहान धातूच्या फरश्या खुंट्यांनी अडकविलेल्या. फरशी आगीकडून तापून फुगते, पण शेजारणीशी जखडलेली नसल्यामुळे तिला सरकायला जागा असते. अखंड कडे असते तर ते तापून वेडेवाकडे झाले असते किंवा तडकले असते. कवचाच्या भोकांतून हवेचे बारीक फवारे फरशीच्या पाठीवर आदळतात, मग फरशीतल्या तिरप्या छिद्रांतून आगीच्या बाजूला येऊन तिच्या अंगावर पसरतात. त्यावर चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप. चुलीवर चढविण्याआधी भांड्याला बाहेरून मातीचा हात देण्याची आपल्याकडे रीत होती, त्यातलाच प्रकार म्हणा. फक्त इथे लेप आतून, कारण आग आत. एखादी फरशी जळालीच तर तेवढी बदलता येते.

आणि तरीही अडचण संपलेली नाही, उलट वाढली आहे. व्हिटल यांच्या इंजिनात हवा चौपट दाबली जाई, तेव्हा पत्रा निववायला येणारी हवा दोनशे अंशांच्या आसपास असे. आताच्या इंजिनांत ती चाळीस पटींहूनही अधिक दाबतात. ती दाबली गेल्यानेच सहाशे अंशांच्या पुढे तापलेली असते. तिलाच थंड हवा म्हणून पत्र्यावर सोडायचे! शिवाय धूर आणि विषारी वायू कमी व्हावेत म्हणून ज्वलनालाच जास्त हवा द्यावी लागते, त्यामुळे भिंतीच्या वाट्याला कमी येते. भिंतीलगतच्या थरात इंधन नीट जळत नाही, म्हणून तो थर फार जाड करणेही परवडत नाही. छिद्रे किती, केवढी, किती तिरपी, यावर आजही प्रयोगशाळांतून दिवस घालविले जातात. लटरवर्थच्या ओतशाळेत जे डोळ्यांनी आणि कात्रीने चाले ते आता गणकयंत्रांनी चालते, पण वाटणी त्याच हवेची आहे.

१९७६ मध्ये व्हिटल अमेरिकेत गेले, तिथे दुसरा विवाह केला आणि ॲनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात शिकवू लागले. फॉन ओहाइन युद्धानंतर अमेरिकेतच स्थायिक झाले होते. दोघांची गाठ पडली, आरंभीचा संशय विरला आणि चांगले सख्य जमले. व्याख्यानांना दोघे जोडीने जात. १९८६ मध्ये इंग्लंडच्या राणीने व्हिटल यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा फार थोड्यांना मिळणारा मान दिला, आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील ड्रेपर पारितोषिक त्यांना व ओहाइन यांना मिळून देण्यात आले. ऑगस्ट १९९६ मध्ये मेरीलँड राज्यातील कोलंबिया येथे, फुफ्फुसाच्या कर्करोगाने, एकोणनव्वदाव्या वर्षी ते वारले.

१९४१ चे ते लहानसे विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले आहे. व्हिटल यांची रक्षा इंग्लंडला आणून क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवली आहे. ज्या धावपट्टीवरून ते विमान सतरा मिनिटांसाठी उडाले होते, ती तिथून जवळच आहे.